गोरेपणाची डबी आणि किडनीचा आजार : अकोल्याच्या घटनेतून हिंगोलीने काय घ्यावे?

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात हळदीच्या कागदाचा प्रयोग घेतला. टिपकागदावर हळदीचा ओला लेप लावायचा, वाळवायचा आणि त्याच्या पट्ट्या कापायच्या. पट्टीवर लिंबू पिळले तर ती पिवळीच राहते, साबणाचे पाणी टाकले की लाल होते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात या प्रयोगाला सामान विकत आणावे लागत नाही. कितीतरी मुलींच्या घरी हळदीचे कट्टे पडलेले असतात.

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. दप्तरातून तिने छोटी पांढरी डबी काढली. डबीवर कंपनीचे नाव नाही, पत्ता नाही. एका गोऱ्यापान बाईचा फोटो आणि इंग्रजीत दोन शब्द, एवढेच. म्हणाली, "मॅडम, खाला ने दी है. इसमें पारा है क्या, ये हल्दी का कागज बतायेगा क्या?" अकोल्याच्या एका मुलीची बातमी तिने मोबाइलवर पाहिली होती आणि तेव्हापासून ती घाबरली होती. दोन महिने ती क्रीम लावत होती.

मी तिला खरे ते सांगितले. हळदीचा कागद फक्त आम्ल आहे की आम्लारी एवढेच सांगतो. पारा घरात कशानेच ओळखू येत नाही, त्याला प्रयोगशाळेतले यंत्र लागते. डबी मी माझ्याकडे ठेवून घेतली. पण तिचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. अशा डब्या आपल्या किती घरांच्या कपाटात असतील? म्हणून हा लेख.

अकोल्यात काय झाले?

अकोला आपल्याला लांब नाही. पूर्णा-अकोला गाडीत वसमतला किंवा हिंगोलीला बसलो की वाशीममार्गे सरळ अकोला. तिथली वीस वर्षांची, बायोटेक्नॉलॉजी शिकणारी मुलगी ब्युटिशियनकडून एक क्रीम घरी घेऊन आली. थोड्याच दिवसांत रंग उजळला. सगळे म्हणू लागले, किती छान दिसतेस. ते पाहून तिची आई आणि मोठी बहीणही तीच क्रीम लावू लागल्या. २०२२ च्या सुरुवातीला तिघींनाही किडनीचा एकच आजार निघाला. रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्यांना सूज येते, असा हा आजार.

आता विचार करा. एका घरात तिघींना एकाच वेळी किडनीचा आजार आणि तिघींचे वय वेगळे. प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या किडनीच्या डॉक्टरांपर्यंत गेले. त्यांनी विचारपूस केली : काय खाता, कोणते जडीबुटीचे औषध घेता, चेहऱ्याला काय लावता? क्रीम तपासायला पाठवली आणि त्यात प्रमाणाबाहेर पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी वर्तमानपत्रांत आली.

हे एकच उदाहरण असते तर आपण अपवाद म्हणून सोडून दिले असते. पण केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही हेच पाहिले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांमध्ये आजाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावत असल्याचे सांगितले. हा अभ्यास किडनीच्या आजारांवरील एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. त्यातली दिलासा देणारी गोष्टही सांगायला हवी : क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार मागे हटला. म्हणजे वेळेत ओळखले तर वाट आहे.

चांगली क्रीम बनते तरी कशी?

घाबरून सगळ्याच डब्यांवर संशय घ्यायचे कारण नाही. आधी क्रीम म्हणजे काय ते समजून घेऊ.

आपण रस्सा करतो तेव्हा तर्री वर येते. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांना एकमेकांत असे बांधून ठेवायचे की तर्री कधी वर येऊच नये. त्यासाठी एक तिसरा पदार्थ घालतात. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. साबण हेच काम करतो. कारखान्यात तेल, मेण एका भांड्यात आणि पाणी, ग्लिसरीन दुसऱ्या भांड्यात साधारण ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवतात, मग जोरात घुसळून एक करतात. थंड होत आले की टिकाऊपणासाठीचा पदार्थ आणि सुगंध घालतात. उष्णतेने बिघडणाऱ्या गोष्टी शेवटी, हा नियम स्वयंपाकातही आहेच. बिर्याणीत केवडा आपण शेवटीच टाकतो.

मग मोजमाप येते. आपली त्वचा किंचित आम्ल असते, तिचा सामू साडेपाचच्या आसपास. साबणाचा सामू ९ ते १०, म्हणून हळदीचा कागद लाल होतो आणि म्हणूनच सारखा साबण लावला की कातडी ओढल्यासारखी होते. चांगली क्रीम बनवणारा तिचा सामू त्वचेच्या जवळ आणतो. नंतर डब्या ४० अंशांवर महिनोन् महिने ठेवून बघतात, तेल वेगळे होते का, रंग बदलतो का, बुरशी येते का. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात काय तापमान असते ते आपल्याला माहीत आहे. ही परीक्षा उगाच नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. "आमच्या क्रीममध्ये केमिकल नाही" असे कुणी म्हणाले की लोक खूश होतात. पाणी असलेली कोणतीही वस्तू उघडी ठेवली की तिच्यात जंतू वाढणार. मळलेली कणीक दोन दिवस बाहेर ठेवून बघा. क्रीममध्ये रोज बोट जाते. तिच्यात जंतू रोखणारा पदार्थ कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत असणे हे आपल्या भल्याचे आहे. घरी मिक्सरमध्ये फिरवून पाण्यात केलेली आणि महिनाभर विकली जाणारी "नॅचरल" क्रीम त्यापेक्षा जास्त धोक्याची असू शकते.

आता मुख्य मुद्दा. इतकी काळजी घेऊन बनवलेली क्रीम काय करू शकते? त्वचा मऊ ठेवते, ओलावा धरून ठेवते, उन्हापासून काही प्रमाणात वाचवते. काही घटक, जसे नियासिनामाइड म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार, डाग थोडे फिके करतात, तेही हळूहळू. कारण कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण महिना लागतो. हा आपल्या शरीराचा हिशोब आहे, तो कोणतीही कंपनी बदलू शकत नाही.

म्हणून सात दिवसांत, पंधरा दिवसांत चेहरा उजळला तर खूश होऊ नका. लवकर गुण येणे हीच इथे धोक्याची खूण आहे. अशा डबीत बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते : पारा किंवा स्टेरॉइड.

पारा काय करतो?

आपल्या रंगाला कारण मेलॅनिन. ते बनवणाऱ्या विकरात तांबे असते आणि तांब्याशिवाय ते विकर काम करत नाही. पारा तिथे जाऊन त्या कामात अडथळा आणतो. मेलॅनिन बनणे मंदावते आणि रंग फिका दिसू लागतो. पण पारा तिथे थांबत नाही. तो कातडीतून रक्तात जातो आणि किडनीत साचतो. किडनीची चाळणी फाटली की रक्तातले प्रोटीन लघवीवाटे वाहून जाते. मग लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज येते. सोबत हात थरथरणे, झोप न येणे, चिडचिड हेही होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. लावणारी एकटीच सापडत नाही. पाऱ्याची वाफ होते. उशी, टॉवेल, दुपट्टा यांना तो लागतो. अंगावर पिणारे बाळ आईच्या गालाला गाल लावते. काही लावले नसतानाही घरातल्या दुसऱ्यांच्या शरीरात पारा सापडल्याची उदाहरणे जगात नोंदवलेली आहेत.

कायदा काय म्हणतो? आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार डोळ्यांसाठीच्या प्रसाधनांचा अपवाद सोडला तर इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा १ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक. आपल्या भाषेत सांगायचे तर दहा क्विंटल हळदीत एक ग्रॅम. पाऱ्याच्या क्रीममध्ये तो हजारो पीपीएम निघतो. हे चुकून होत नाही. कुणीतरी मुद्दाम टाकलेला असतो, कारण पारा स्वस्त आहे आणि गुण लवकर दाखवतो.

जगाच्या पातळीवर मिनामाता करार आहे. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, तिथले मासे खाऊन हजारो माणसे आजारी पडली, म्हणून कराराला त्या गावाचे नाव. भारत २०१८ मध्ये या करारात सामील झाला. १ पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेली प्रसाधने बनवणे आणि देशाबाहेर-देशात नेणे-आणणे २०२० नंतर बंद करायचे, असे आधी ठरले होते. २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ही सूटही काढून टाकण्यात आली : २०२५ नंतर प्रसाधनांत मुद्दाम पारा घालायचाच नाही.

करार कागदावर आहे आणि डबी बाजारात आहे. पाकिस्तानात २०१९ मध्ये तिथल्या सरकारने गोरेपणाच्या ५९ क्रीम तपासल्या, तर ५६ मध्ये मर्यादेपेक्षा जास्त पारा निघाला. हा आकडा मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे दुबई, सौदीहून येणारे नातेवाईक भेट म्हणून अशा डब्या आणतात. लेबलवर उर्दू-अरबी अक्षरे दिसली की आपल्या बायकांना ती वस्तू जवळची वाटते, चांगलीच असणार असे वाटते. अक्षरे आपली असली म्हणून आतले औषध आपले होत नाही.

मेडिकलवरची ट्यूब

पाऱ्यापेक्षा जास्त घरांत दुसरी गोष्ट आहे, ती म्हणजे स्टेरॉइडची ट्यूब. खरे तर हे चांगले औषध आहे. इसब, सोरायसिस अशा आजारांत त्वचारोग तज्ज्ञ ते ठरावीक दिवसांसाठी देतात. १९७५ मध्ये अमेरिकेत डॉ. क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने चेहऱ्यावरच्या वांगासाठी तीन औषधांचे मिश्रण मांडले. त्यात रंग कमी करणारे हायड्रोक्विनोन, कातडीची नवी वाढ करणारे ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड होते. त्याच धर्तीची तीन औषधांची ट्यूब आजही तज्ज्ञ वांगासाठी देतात, पण काही आठवड्यांसाठी आणि लक्ष ठेवून.

आपल्याकडे तीच ट्यूब "रंग खुलण्याची क्रीम" म्हणून वर्षानुवर्षे लावली जाते. शेजारणीने सांगितले, मेडिकलवाल्याने दिली, झाले. आधी चेहरा नितळ होतो. मग कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, ऊन सोसत नाही. सोडली की चेहरा भडकतो, आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. "लगाये तो अच्छा, छोडे तो और बुरा", हे वाक्य मी किती आयांकडून ऐकले आहे. व्यसन म्हणतात ते असेच असते.

नायट्याचेही तेच. मांडीला, कमरेला नायटा झाला की मेडिकलवरून तीन-चार औषधे एकत्र असलेली मिक्स ट्यूब आणतात. त्यातल्या स्टेरॉइडने खाज थांबते पण बुरशी आतून पसरत राहते. एकाचा नायटा अख्ख्या घराला होतो तो असा. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, म्हणजे अनुसूची एचमध्ये टाकले. ट्यूबवर आरएक्स ही खूण असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे छापलेले असते. पण आपणच चिठ्ठी न घेता मागतो आणि समोरचा देतो.

काही ठिकाणी याहून पुढची गोष्ट चालते. दोन-तीन ट्यूबा आणि एखादी बिननावाची क्रीम एका वाटीत मिसळून "फॉर्म्युला क्रीम" म्हणून विकतात. वर मी जो सामू, मोजमाप, तपासणी सांगितली, त्यातले काहीही इथे नसते. कशात काय मिसळले हे विकणारीलाही माहीत नसते. ती वाईट बाई असते असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा ती घर चालवणारी आपलीच एखादी आपा असते आणि स्वतःच्या चेहऱ्यालाही तेच लावते.

आपल्या जुन्या नुस्ख्यांचे काय?

कुणी म्हणेल, म्हणून तर आपले घरगुती बरे. अर्धे खरे आहे.

हळदीचेच घ्या. जखम भरायला हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. आपल्या सीएसआयआर या संस्थेने, तेव्हा तिचे प्रमुख आपले मराठी शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर होते, जुने पुरावे देऊन ते आव्हानले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण हळदीतले कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, उजेडात बिघडते आणि कातडीत फारसे खोल जात नाही. म्हणून डबीवर हळदीचे चित्र मोठे आणि आत हळद चिमूटभर, असे असू शकते. निकाहाआधीचे उबटन जरूर लावा, तो आनंदाचा भाग आहे. त्याने रंग बदलेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. आणि खुली पिवळीजर्द पावडर लावण्यापेक्षा शेतातली, ओळखीच्या घरची हळद घ्या, कारण भेसळीच्या हळदीत शिशाचा रंग मिसळल्याची प्रकरणे झाली आहेत.

सुरम्याबद्दल बोलायला थोडे जड जाते, पण बोलले पाहिजे. हदीसमध्ये ज्या इस्मिदचा उल्लेख येतो तो अँटिमनीचा दगड मानला जातो. आज बाजारात सुरमा म्हणून जो चमकदार काळा दगड किंवा भुकटी मिळते, ती बरेचदा गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे आणि मूल डोळे चोळून तीच बोटे तोंडात घालते. सुरम्यामुळे मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याची प्रकरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिक वापरायला आपल्या प्रसाधन कायद्यातही बंदी आहे. मोठ्यांनी ठरवावे, पण तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तरी घालू नका.

मेंदीचेही एक लक्षात ठेवा. खरी मेंदी केशरी ते तपकिरी रंगते, वेळ घेते. अर्ध्या तासात कुळकुळीत काळी होणाऱ्या कोनात केसांच्या डायमधला पीपीडी हा पदार्थ असू शकतो. त्याने ईदच्या दुसऱ्या दिवशी हातावर फोड आलेल्या मुली मी शाळेत पाहिल्या आहेत.

आपण डबी उलटून हलाल आहे का ते बघतो, ग्लिसरीन कशाचे, अल्कोहोल आहे का ते विचारतो. चांगली गोष्ट आहे. पण हलालसोबत तय्यब हा शब्दही आपल्याला शिकवलेला आहे. पारा असलेली वस्तू तय्यब कशी होईल?

मागणी कुठून येते?

बाजाराला दोष देऊन भागणार नाही. १९७५ मध्ये आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमचे नाव २०२० मध्ये बदलून ग्लो अँड लव्हली झाले. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळ निवडायची चाळणी काढून टाकली. कंपन्यांना जगाची लाज वाटली. आपल्या घरात मात्र रिश्ता बघायला आलेल्या बायका अजून विचारतात, "रंग साफ आहे ना?" मुलगा स्वतः उन्हात काम करून काळाभोर झालेला असतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझ्या वर्गातली चौदा वर्षांची मुलगी ती क्रीम स्वतःहून लावत नव्हती. तिच्या मोठ्या बहिणीला दोन स्थळांनी रंगावरून नाकारले होते. घरातल्यांना वाटले, धाकटीचे आतापासूनच बघावे. खालाने प्रेमानेच डबी दिली. म्हणजे त्या डबीत पारा असेल तर त्याचे कारण फक्त कारखानदार नाही. त्या दोन घरांत चहा पिऊन नकार कळवणारेही त्यात आले.

आणि विज्ञान विचाराल तर मेलॅनिन ही आपल्या कातडीची छत्री आहे. मराठवाड्याच्या उन्हात ती छत्री काढून टाकण्यासाठी आपण पैसे मोजतो आहोत.

आता काय करायचे?

१. डबी उलटून वाचा. बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी असली पाहिजे. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. यातले नसेल तर वस्तू घेऊ नका, कुणीही भेट दिली तरी.

२. घटकांची यादी जास्त प्रमाणापासून कमी प्रमाणाकडे लिहितात. मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी असे काही दिसले तर ती पाऱ्याचीच नावे आहेत. "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल तरी सावध व्हा. पारा सोन्याला धरतो, हे कोणताही सराफ सांगेल. यादीत पारा लिहिलेला नाही म्हणजे तो नाहीच, असे मात्र समजू नका.

३. अशी क्रीम लावली असेल तर लगेच बंद करा आणि लघवीतल्या प्रोटीनची तपासणी करून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे. पायावर सूज किंवा लघवीला फेस असेल तर थांबू नका. डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या आणि लाज न बाळगता सांगा.

४. स्टेरॉइडची ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका. त्वचारोग तज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने बंद करा.

५. तक्रार करा. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ मध्ये "ऑपरेशन सौंदर्य" नावाने मोहीम काढून विनापरवाना प्रसाधने जप्त केली. अकोल्याची घटना तर आपल्या राज्यातली आहे. अशी मोहीम मराठवाड्याच्या आठवडी बाजारांत आणि दुकानांत व्हावी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे, मोहल्ला कमिट्यांकडे आपणच नेली पाहिजे.

त्या मुलीच्या अम्मीला मी शाळेत बोलावून घेतले. आधी रागावल्या, मग ऐकून घेतले. मुलीची लघवी तपासली, अल्हम्दुलिल्लाह, सगळे ठीक निघाले. चार दिवसांनी खालाचा फोन आला. त्या स्वतः वर्षभरापासून तीच क्रीम लावत होत्या. विचारत होत्या, "मॅडम, ये छोडी, तो अब क्या लगाऊं?"

मी म्हटले, उन्हात जाताना डोक्यावर दुपट्टा घ्या, हिवाळ्यात साधी पेट्रोलियम जेली लावा. आणि आपा, काही लावण्याआधी उद्या सकाळी लघवी तपासून या.